आधी बोलेल तो हरला

एकेरीचा खेळाडू म्हणून मी कधी कुणाला हरवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचणाऱ्याची निराशा व्हायला नको. टेनिस कोर्टाचा अर्धा भाग, तोही उजवीकडचा, एवढीच माझी आयुष्यभराची जहागीर. तेवढ्या तुकड्यावर उभं राहून मी तरुणपणाची सगळी वर्षं पोट भरलं. पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी खास बांधल्यासारख्या दिसणाऱ्या हॉटेलांत राहिलो, कुणी बघायला न येणाऱ्या सामन्यांत टाळ्यांची वाट पाहिली. दुसऱ्या अर्ध्यावर माझा चुलतभाऊ सुधाकर उभा असायचा. लोक कौतुकानं म्हणायचे, भाऊ-भाऊ, एका घरातले, म्हणून एवढी समज. मी मान डोलवायचो. एका घरातले होतो हे खरंच होतं. त्या घराच्या मधोमध भिंत होती, हे कौतुक करणाऱ्याला सांगायचं नसतं.

भिंत आली एका टोपीमुळं. मोठेबाबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न आमच्या जानेफळातच झालं. आमच्याकडं लग्नात पुरुष मंडळींना टोपी-दुपट्ट्याचा मान देतात. जावई, मामे, मावसे, सोयरे असं करत करत टोप्यांचं गाठोडं माझ्या वडिलांपर्यंत, अण्णांपर्यंत आलं, तेव्हा दुपट्टे उरले होते आणि टोप्या संपल्या होत्या. ज्यानं गाठोडं धरलं होतं त्या शहाण्यानं अण्णांच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि पुढच्या माणसाकडं सरकला. मुलीचा सख्खा काका, मांडवाला खांब रोवणारा माणूस, अख्ख्या गावासमोर बोडका उभा. अण्णांनी दुपट्ट्याची घडी घातली, पंगतीतल्या एका रिकाम्या पत्रावळीवर ठेवली आणि ते घरी आले. मोठेबाबा मागं आले असते, एक शब्द बोलले असते, तर प्रकरण त्याच संध्याकाळी मिटलं असतं असं आई पुढं कितीतरी वर्षं सांगायची. पण मोठेबाबांचं म्हणणं, मी मुलीचा बाप, मी पंगत सोडून कसा येऊ, त्यानं यावं. अण्णांचं म्हणणं, ज्यानं मान ठेवला नाही त्यानं यावं. कुणीच आलं नाही. आधी वाटण्या झाल्या, मग आवारातून भिंत उठली, आणि आपोआपच एक कायदा होऊन बसला, की जो आधी बोलेल तो हरला. ज्या घरातलं माणूस पहिल्यांदा तोंड उघडेल, त्या घराची चूक होती असं ठरणार. हा कायदा कुणी सांगितला नाही, पण दोन्हीकडच्या मांजरांनाही तो ठाऊक असावा.

मांजरांना ठाऊक असायचं कारण असं, की सगळं बोलणं त्यांच्यामार्फतच चालायचं. अबोला म्हणजे शांतता असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी एखादी सकाळ काढायला हवी होती. आई भांडी घासता घासता कोंबडीला मोठ्यानं म्हणायची, "काय वं, त्या दारी कायले जाते दाणे टिपाले? तिथं मान भेटत नाई. आपल्यातले एक गेलते, बोडक्यानं वापस आले!" की लगेच भिंतीपल्याडून मोठेबाबांची बायको, आमची मोठीआई, शेळीला सांगायची, "पाय ना वं शेळे, काई लोकाईचं डोस्कंच एवढं मोठं रायते, बाजारातली टोपी त्याईले बसतच नाई!" मग आई बादलीला काहीतरी सांगायची, तिकडून खराट्याला उत्तर जायचं. कोंबडी, शेळी, बादली आणि खराटा यांनी मिळून अबोल्याच्या पहिल्या दोन वर्षांत जेवढं ऐकून घेतलं, तेवढं माझ्या बायकोनंही माझ्याकडून ऐकलेलं नाही. आणि हे सगळं चालू असताना मोठीआईच्या चुलीवरच्या बेसनाच्या पातोडीच्या रश्श्याचा वास भिंतीवरून सरळ आमच्या ताटात उतरायचा. तिच्या हाताची पातोडी म्हणजे काय ते ज्यांनी खाल्ली त्यांनाच ठाऊक. मी ज्वारीची भाकर आणि ठेचा खाताना तो वास नाकानं लावून घ्यायचो. आईच्या ते लक्षात यायचं. "लय नाक वर करू नको," ती म्हणायची, "मी का उपाशी ठेवलं तुले?"

सुध्या माझ्याच वर्गात होता. मास्तरांनी आम्हाला वेगळ्या बाकांवर बसवलं होतं, कारण एका बाकावर बसलो तर एकमेकांचं रबर मागायलाही तिसरा पोरगा लागायचा. सुध्या डावखुरा, माझ्याहून उंच, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझ्याहून हुशार. अबोल्याआधी आम्ही एका ताटात जेवलेले. त्यामुळं तो मला जेवढा खुपायचा तेवढा परका माणूस खुपूच शकत नाही. त्यालाही मी खुपत असणार. तसं नसतं तर त्यानं शाळेच्या वाटेवर एका म्हशीला थांबवून, मला ऐकू जाईल असं, "काय वं, काईकाईले सातचा पाढा आजून येत नाई म्हणते," असं कशाला सांगितलं असतं?

गावाजवळ तेव्हा धरणाचं काम चाललं होतं, आणि तिथं आगटे नावाचे इंजिनिअरसाहेब पुण्याहून बदलून आले होते. साहेबांना टेनिसचं वेड. त्यांनी धरणाच्या मुरमातून कॉलनीमागं एक कोर्ट करून घेतलं, धरणाचाच रूळ त्यावर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या, आणि भोयांकडून मासे धरायचं जाळं आणून मधोमध ताणलं. जाळ्याला पहिले काही महिने मासळीचा वास होता. सर्व्हिसला उभं राहिलं की भूक लागायची. खेळायला मात्र कुणी मिळेना. हाताखालची माणसं साहेबांना हरवायला घाबरायची, आणि त्यांच्याशी हरायचा साहेबांना कंटाळा. मग त्यांनी आमच्या शाळेतली पोरं गोळा केली. गावात या खेळाला कुणी टेनिस म्हणत नसे. "फळीनं चेंडू बदाडणं" म्हणत. बाकीची पोरं दोन-चार आठवड्यांत कंटाळून गेली. मी टिकलो, कारण सुध्या टिकला होता. तो का टिकला ते त्याला विचारायची सोय नव्हती.

साहेबांना आमचा अबोला ठाऊक नव्हता. त्यांनी पाहिलं एवढंच, की एक उजवा, एक डावा, आणि दोघंही चेंडू असा मारतात की जणू समोर वैरी आहे. त्यांनी आम्हाला जोडीनं उभं केलं. पहिल्याच दिवशी मधोमध चेंडू आला. मी उजवीकडं, तो डावीकडं. मधला चेंडू आम्हा दोघांच्याही उलट्या हाताला यायचा, आणि उलटा हात दोघांचाही कच्चा. तो आमच्या मधून, दोघांकडं पाहत पाहत निघून गेला.

"अरे, ओरडायचं! 'माझा' म्हणून ओरडायचं असतं!" साहेब म्हणाले.

आम्ही दोघं जमिनीकडं पाहत उभे.

"बोलता येत नाही का तुम्हाला? भाऊ ना तुम्ही?"

शेवटी सुध्यानंच वाट काढली. त्याला अबोल्यातला घरगुती रिवाज आठवला. तो जाळीकडं तोंड करून म्हणाला, "ओ जाळी, सांग त्याले, मधला चेंडू मी घेईन." मी रॅकेटला म्हणालो, "रॅकेट, सांग त्याले, घेता आला तं घे म्हणा." साहेबांनी आमच्याकडं पाहिलं, जाळीकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ठीक आहे. असं तर असं." मोठा माणूस. पुण्याचा असूनही आमचं बोलणं ऐकून तो कधी हसला नाही.

पुढं साहेबांनी अकोल्याच्या विभागीय स्पर्धेत आमचं नाव दिलं. तिथून सरकारी क्रीडा वसतिगृहासाठी मुलं निवडणार होते. राहणं, जेवण, शिकणं, खेळ, सगळं तिथंच. एक जोडी घेणार होते. "एकट्याला नाही, जोडीला," साहेबांनी मला नीट समजावलं, "आणि तू एकेरी खेळलास तर तुला नुसतं बघायलाही कुणी बसणार नाही." बोलणं कडू होतं पण हिशेब बरोबर होता. माझ्यापुढं दोनच वाटा होत्या. एक तर सुध्याबरोबर अकोल्याहून पुढं जायचं, नाही तर जानेफळात राहून अण्णांच्या मागं तुरीच्या तासातून चालायचं. तुरीबद्दल माझं काही वाईट मत नाही, पण तुरीचंही माझ्याबद्दल बरं नव्हतं.

मला भीती होती, अण्णा नाही म्हणतील. पण मोठेबाबांनी सुध्याला परवानगी दिल्याचं बादली-खराट्यामार्फत कळलं, आणि अण्णांना नाही म्हणायची सोयच उरली नाही. त्यांनी अटी घातल्या. बोलायचं नाही. त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. जिंकलो तरी हातात हात द्यायचा नाही. "अन् मी सोबत येतो," ते म्हणाले, "पाहाले." खेळ पाहायला नव्हे, हे मला कळलं. माझं तोंड पाहायला. तिकडं मोठेबाबांनीही सुध्याला असंच सांगितलेलं. सकाळच्या एसटीत मोठेबाबा ड्रायव्हरमागच्या बाकावर, अण्णा सगळ्यांत मागच्या बाकावर, मधे मी आणि सुध्या खिडकीतून विरुद्ध बाजूंची शेतं पाहत. दोन डबे, दोन पाण्याच्या बाटल्या. कंडक्टरनं विचारलं, "सोबत हाये का चौघं?" तेव्हा चारही जण एकदम "नाई" म्हणाले.

फायनलला समोर अकोल्यातल्या एका डॉक्टरांचा आणि एका वकिलांचा मुलगा. पांढरेशुभ्र, मोज्यांपर्यंत पांढरे. आमचे गुडघे मुरमानं लाल. पहिला सेट आम्ही घेतला. "जाळी, सांग त्याले मांगं हो म्हणा!" "चेंडू, सांग त्याले, दिसते मले!" असं सगळं मोठ्यानं चाललं होतं. सेट गेल्यावर डॉक्टरांचा मुलगा पंचांकडं गेला. "सर, हे दोघं आम्हाला शिव्या देतायत. आमच्याकडं बघून काहीतरी गावठी बोलतायत." पंच एक भारदस्त गृहस्थ होते, उन्हात घामाघूम झालेले. त्यांनी आम्हाला बोलावलं.

"कुणाशी बोलताय तुम्ही?"

"जाळीशी," सुध्या म्हणाला.

लोक हसले. पंचांना वाटलं थट्टा करतोय. "हे बघा, बोलायचं तर आपसात बोला. जाळीशी, चेंडूशी, रॅकेटशी बोलाल तर बाद करीन. समजलं?"

समजलं होतं. पंचांना काय समजायला हवं होतं ते मात्र सांगायला कुणी नव्हतं. मी वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडं पाहिलं. एका टोकाला अण्णा, गुडघ्यांवर हात ठेवून, माझ्या ओठांवर नजर रोखून बसलेले. दुसऱ्या टोकाला मोठेबाबा तसेच, सुध्याच्या ओठांवर. अख्ख्या प्रेक्षकांत चेंडूकडं न पाहणारी तेवढीच दोन माणसं. दुसरा सेट आम्ही मुक्यानं खेळलो आणि धुऊन निघालो. वकिलांच्या मुलाला लवकरच कळलं, की मधे मारला की झालं. तो मधेच मारायला लागला. चेंडू यायचा, मी सुध्याकडं पाहायचो, सुध्या माझ्याकडं, आणि चेंडू मागच्या कापडावर जाऊन आदळायचा. मला सुध्याचा एवढा राग कधी आला नव्हता. त्यानं तोंड उघडलं असतं, नुसतं "घे" म्हटलं असतं, तर सामना आमचा, वसतिगृह आमचं, आणि वर मोठेबाबा हरले असते ते वेगळंच. तोही माझ्याबद्दल हाच विचार करत होता, हे त्याच्या दात खाण्यावरून दिसत होतं.

तिसऱ्या सेटमध्ये आम्ही हरत आलेलो. साहेब टोपी हातात घेऊन उभे होते, बसवतच नव्हतं त्यांना. समोरून उंच चेंडू आला, माझ्या डोक्यावरून मागं. मला तो मिळणं शक्य नव्हतं. सुध्या मागून धावला असता तर मिळाला असता, पण मी काही बोललो नाही आणि तो हलला नाही. तेवढ्यात वरून आवाज आला.

"सुध्या! धाव बे मांगं! तुहा हाय तो!"

अण्णांचा आवाज. सुध्या धावला, हिशेब विसरून, लहानपणी काकांनी हाक मारल्यावर धावायचा तसा. चेंडू त्यानं मागच्या रेघेवरून असा परतवला की समोरची दोन्ही पोरं नुसती उभी राहिली. आणि सगळं कोर्ट शांत असताना मोठेबाबा उठून उभे राहिले.

"बोलला! आयकलं का सगळ्याईनं? आधी तो बोलला!"

अण्णा शेजारी बसलेल्या एका अनोळखी माणसाकडं वळले. "सांगा हो त्याईले. मी पोराशी बोललो. बापाशी नाई. पोराशी बोललेलं धरत नाईत." त्या बिचाऱ्याला काय, कुणाला सांगायचं, काही कळेना. पंचांनी दोघांनाही बसवलं आणि तो गुण पुन्हा खेळवायचा ठरवला.

आम्ही जागेवर परतत होतो तेव्हा सुध्या माझ्या अंगावरूनच गेला, आणि दोन वर्षांनंतर पहिल्यांदा, कोणत्याही जनावराची मदत न घेता, माझ्याशी बोलला. "आयकलं ना बे? तुहं घर हरलं. आता तोंड उघड, मुक्या."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "हरलो तं हरलो. मधला चेंडू माहा हाय. तू आडवा येऊ नको."

"काऊन? तुहा उलटा हात म्हंजे तुह्या मायची झाडणी हाय."

"तुहा तं झाडणी बी नाई!"

उरलेला अख्खा सेट आम्ही भांडलो. मधल्या प्रत्येक चेंडूवर दोघंही "माहा! माहा!" करत तुटून पडायचो, एकमेकांच्या पायांत पाय घालून, आणि कुणातरी एकाची रॅकेट लागायचीच. एकदा दोघांच्या रॅकेटी एकमेकींवर आपटल्या तरी चेंडू पलीकडं पडला. समोरच्या पोरांना कळेना हे आहे काय. मलाही ते आजवर नीट कळलेलं नाही. पुढं मोठमोठ्या प्रशिक्षकांनी दुहेरीत जोडीदाराबद्दल विश्वास वगैरे असावा लागतो असं सांगितलं, तेव्हा मी वहीत लिहून घेतल्यासारखं करायचो. आम्ही सामना जिंकलो. हातात हात दिला नाही.

कोर्टाबाहेर लिंबाखाली निवडीसाठी नागपूरहून आलेले एक गृहस्थ बसले होते. साहेबांनी आम्हाला त्यांच्यापुढं उभं केलं. त्यांनी दोघांचे हात पाहिले, खांदे पाहिले. "घेतो," ते म्हणाले. "वडिलांची तयारी आहे ना दोघांच्या?"

"माही हाये," अण्णा म्हणाले.

मोठेबाबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. "माही नाई. माह्या पोराले घरी काम हाय."

सुध्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला हे ठाऊक नव्हतं. साहेब पुढं झाले. "अहो, असं काय करताय? मी हात जोडतो तुम्हाला."

"तुमी नका जोडू साहेब. तुमी परके." मोठेबाबांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली. "ज्याले गरज हाय त्यानं म्हणावं. पोराले नाई. साहेबाले नाई. मले. माह्या तोंडाकडं पाऊन."

मी अण्णांकडं पाहिलं नाही. अण्णा काय करणार ते मला पक्कं ठाऊक होतं. ते वळतील, माझा दंड धरतील, आणि आम्ही एसटी स्टँडकडं चालायला लागू. टोपीसाठी ज्या माणसानं भाऊ सोडला, तो टेनिससाठी, त्या फळीनं चेंडू बदाडण्यासाठी, मान कशाला वाकवेल? मी मनात तुरीची तासं मोजायला लागलो होतो.

"दादा," अण्णा म्हणाले. "पाठव सुध्याले."

"आयकू नाई आलं."

आलं होतं. लिंबावरच्या कावळ्यांनाही आलं होतं.

"दादा, सुध्याले पाठव. पोराईचं होऊन राह्यलं, होऊ दे. मी म्हणतो."

मोठेबाबांनी सुपारी तोंडात टाकली, चघळली. "पाठवतो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं असं सुध्या सांगतो. मला तसं काही दिसलं नाही. सुध्याला आपल्या बापाबद्दल असलं काहीतरी दिसतच असतं.

"झालं?" अण्णा म्हणाले. "आता मरेपर्यंत नाई." आणि ते खरोखरच त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. मोठेबाबा गेले तेव्हा अण्णांनी खांदा दिला, सगळं रीतीप्रमाणं केलं. बोलायचा प्रश्न तिथं आला नाही.

परतीच्या एसटीत अण्णांनी मला मागच्या बाकावर शेजारी बसवून घेतलं. मेहकरला एसटी थांबली. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्याच्यासंग खेळशील. जेवशील बी, कळते मले. पण हरून आला, अन् चूक तुही निंगाली, तं मी आज कायले तोंड उघडलं?"

त्यानंतर मी खूप हरलो. देशात हरलो, बाहेर जाऊन हरलो, ज्यांची नावं उच्चारता येत नाहीत अशा लोकांकडून हरलो. सुट्टीत घरी आलो की आई ताट वाढायची आणि अण्णा समोर येऊन बसायचे. जिंकला का, असं त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नाही. ते विचारायचे, "चूक कोणाची होती?"

"सुध्याची," मी म्हणायचो.

"मले वाटलंच," अण्णा म्हणायचे, आणि आईला सांगायचे, "वाढ वं त्याले अजून."